जबाबदार डोळस सोबती

तलावाच्या दारावर पाटी लागली ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी वाचली. जिच्यासाठी लावली होती तिलाच तेवढी वाचता आली नाही. नेहमीसारखी ती सकाळी काठीने पायऱ्यांचा अंदाज घेत वर आली, तिकिटाच्या खिडकीत पास सरकवला, आणि पास जसाच्या तसा तिच्या बोटांशी परत आला. खिडकीतला माणूस एरवी पाणी किती गार आहे इथपासून आपल्या जावयाच्या नोकरीपर्यंत सगळं सांगायचा. आज तो नुसता घसा खाकरत राहिला. शेवटी त्याने पाटी वाचूनच दाखवली. अंध तसेच अन्य गंभीर अपंगत्व असलेल्या व्यक्तींस जबाबदार डोळस सोबत्याशिवाय तलावात प्रवेश दिला जाणार नाही. आदेशावरून.

"कुणाच्या आदेशावरून?" तिने विचारलं.

ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं. मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी हळू आवाजात "जाऊ द्या हो त्यांना" म्हणालं, पण खिडकीतल्या माणसाने मान वर केली नाही. ती ओला न झालेला टॉवेल पिशवीत घालून सरळ कामावर गेली. त्या दिवशी ती इतक्या लवकर पोचली, की रात्रपाळीवाल्या बाईला वाटलं आपलंच घड्याळ मागे पडलं.

काम म्हणजे मोठ्या इस्पितळाचं टेलिफोन एक्स्चेंज. तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत ती बसायची. वॉर्ड, प्रयोगशाळा, धुलाईखाना, शवागार, अधीक्षकांचं दालन, सगळे नंबर तिला तोंडपाठ. डॉक्टर मंडळी तिला आवाजाने ओळखत, चेहऱ्याने फारसं कुणी नाही. सगळे तिला 'एक्स्चेंज' म्हणत. "एक्स्चेंज, जरा रक्तपेढी द्या." तिलाही या नावाचं काही वाटत नसे. घरी तिला अगदी लहानपणचं टोपणनाव होतं, त्यापेक्षा हे बरं.

लहानपणी तापात तिचे डोळे गेले. आई हबकून गेली. वडील मात्र नळजोडणीचं काम करणारे, हाताने बघायची सवय असलेले. भिंतीआडचा नळ तरी कुठे दिसतो, असं ते म्हणायचे. तलावाचे पंप बिघडले की नगरपालिका त्यांना बोलवायची आणि ते पोरीला बरोबर न्यायचे. काम संपलं की तिला पाण्यात उतरवायचे. आई घाबरली तर म्हणायचे, पाण्यात डोकं घातलं की सगळेच आंधळे, त्यात हिला सवय जास्त. अशी ती पोहायला शिकली. एका हाताला लेनची दोरी अधूनमधून लागते, भिंत जवळ आली की आपल्याच हातांचा आवाज बदलतो, तेवढं तिला पुरायचं. वडील गेले, आई गेली, ती चाळिशी ओलांडून गेली, पण सकाळचं पोहणं सुटलं नव्हतं. दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या घाईची ओझी वाहायची, तर त्याआधी अर्धा तास तिला कुणी हाक मारलेली चालत नसे.

पाटी का लागली तेही हळूहळू कळलं. मधे एक गृहस्थ तलावाच्या ओल्या फरशीवरून पाय घसरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. फोनवर बोलत चालले होते. विमा कंपनीने नगरपालिकेकडे सुरक्षेचे नियम मागितले, आणि क्रीडा विभागाने कुठल्यातरी दुसऱ्या शहराचे नियम उचलून आपल्या शिक्क्यानिशी लावले. पडला तो डोळस होता. नियम झाला आंधळ्यांसाठी. हे ती इस्पितळात ज्याला त्याला ऐकवायची. लोक हसायचे आणि मग म्हणायचे, पण तुमच्या काळजीपोटीच ना.

घरात दादा आणि वहिनी. दादा बस चालवायचा, त्याची पाळी पहाटेची. म्हणून जबाबदार डोळस सोबती होणं वहिनीच्या वाट्याला आलं. वहिनी घरी शाळेचे गणवेश शिवायची, स्वभावाने खमकी, पण पाण्याला मरणाची भ्यायची. बादलीपलीकडच्या कुठल्याही पाण्याकडे बघितलं की तिला गरगरायचं. ती तलावापाशी यायची, वहीत सही करायची, आणि पर्स मांडीवर घेऊन पाण्याकडे पाठ करून बाकावर बसायची. नियमाचं समाधान व्हायचं. एकदा व्यवस्थापकाने तिला विचारलं की बाई, तुम्ही बघताय कुठे. वहिनी म्हणाली, "सोबत करायची असं लिहिलंय. बघायचं असं कुठे लिहिलंय?" त्याने सहीची वही मिटून काखेत मारली.

काही आठवडे हे असं चाललं. त्यातला विनोद लवकरच आटला. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत वहिनीला मान वर करायला फुरसत नव्हती, आणि रोजची सकाळ तलावावर जायची. एक्स्चेंजलाही ते आवडत नव्हतं. पाण्यातून डोकं वर काढलं की वहिनीचं खोकणं, घड्याळाचा पट्टा सारखा करणं, उसासा ऐकू यायचा. अर्ध्या तासाचं पोहणं तिच्या उपकाराखाली व्हायला लागलं. एका सकाळी घरातून निघताना जराशी बाचाबाची झाली आणि वहिनी शिलाईयंत्रावरून न उठता म्हणाली, "मी तुझी वहिनी आहे, तुझा परवाना नाही."

त्यात राग होता, पण खोटं काहीच नव्हतं. एक्स्चेंजने पिशवी खाली ठेवली आणि त्या दिवसापासून पोहणं थांबलं.

मग तिने विचारायला सुरुवात केली. तलावाचा व्यवस्थापक म्हणाला, नियम क्रीडा विभागाचा. क्रीडा विभाग म्हणाला, आम्ही फक्त लावला, तपासला विधी विभागाने. विधी विभागात मात्र एक बाई भेटल्या, गोड आवाजाच्या विधी अधिकारी. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. आपल्या देशाने अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली आहे, त्या म्हणाल्या, आणि आता मंत्रालयाने प्रत्येक नगरपालिकेला कळवलं आहे की आपले स्थानिक नियम या कराराशी जुळतात का ते तपासा. त्यासाठी समिती होते आहे. समितीवर एक अपंग सदस्य हवाच आहे.

"तुम्हीच या ना," त्या म्हणाल्या.

ती घरी हवेत तरंगत आली. दादाने बसमधल्या प्रत्येक ओळखीच्या प्रवाशाला सांगितलं की आमची बहीण आता नगरपालिकेचे कायदे तपासणार. वहिनीने भांडण विसरून तिच्यासाठी नवा ब्लाउज शिवायला घेतला. तिने करार मिळवला आणि कामावरच्या वाचून दाखवणाऱ्या संगणकावर लावला. एका कानात करार, दुसऱ्या कानात इस्पितळ. इतरांच्या बरोबरीने खेळ आणि करमणुकीत भाग घेण्याचा हक्क, हे वाक्य आलं तेव्हा शस्त्रक्रिया विभागाचा फोन वाजत होता. तो तिने जरा वाजू दिला आणि वाक्य पुन्हा ऐकलं. कुठल्याशा दूरच्या शहरात टेबलाभोवती बसलेल्या अनोळखी माणसांनी तिच्या तलावाचा विचार केला होता, असं तिला खरंच वाटलं.

समितीची खोली नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर होती. लिफ्ट बंद. हाही एक मुद्दा होईल, असं ती जिना चढताना अध्यक्षांना म्हणाली, आणि ते मनापासून हसले. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, सावकाश बोलणारे. बाकी विधी अधिकारी, एक अभियंता, एक नगरसेवक आणि तिच्याच इस्पितळातले हाडांचे डॉक्टर, ज्यांनी ती एक्स्चेंज आहे हे पहिल्या वाक्यातच आवाजावरून ओळखलं. कोपऱ्यात संगणकावर टंकलेखक. चहा, बिस्किटं, पंख्याची कुरकुर.

काम असं चालायचं. विधी अधिकारी नियम वाचायच्या, मग करारातलं कलम वाचायच्या, मग थोडी चर्चा, मग अध्यक्ष अभिप्राय सांगायचे. बाजाराचे नियम, वाचनालयाचे, रस्तेखोदाईचे, सभागृह भाड्याने देण्याचे. अभिप्राय एकच असायचा, 'सुसंगत'. तिला एक गोष्ट खटकायला लागली. नियम टंकताना बटणांचा खडखडाट लांबलचक यायचा, कलमाचाही यायचा, आणि अभिप्रायाच्या वेळी फक्त एक 'टक्'. एकदा सगळे चहाला उठले तेव्हा तिने टंकलेखकाला विचारलं. तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, तो शब्द सारखा लागतो म्हणून एका बटणावर बसवून ठेवलाय.

"आणि 'विसंगत'ला कुठलं बटण आहे?"

"अजून लागला नाही."

तिने हे वहिनीला सांगितलं तेव्हा वहिनी पोट धरून हसली. तिला हसू आलं नाही. वाचनालयाला पायऱ्या होत्या आणि चाकाची खुर्ची वर नेता येत नव्हती, तरी वाचनालय सुसंगत होतं, कारण नियमात पायऱ्यांचा उल्लेख नव्हता. तिने हरकत घेतली तर अध्यक्ष म्हणाले की आपण नियम तपासतो आहोत, इमारत नाही. हे असं दर बैठकीला. कुणी तिच्याशी उद्धट बोललं नाही. उद्धट बोलले असते तर भांडता आलं असतं. हे लोक बिस्किटांची बशी तिच्या हाताशी सरकवत आणि पुढचा नियम घेत.

तलावाचा नियम निघाला त्या दिवशी ती तयारीने गेली होती. अभियंता म्हणाले, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "तुमची गोष्ट वेगळी आहे हो, तुम्ही पट्टीच्या पोहणाऱ्या. पण नियम सर्वांसाठी करावा लागतो." तिने विचारलं की सर्वांसाठी आहे तर सर्वांनाच सोबती का नाही. जो पडला त्याला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत होतं, उद्यापासून प्रत्येक डोळस माणसाबरोबर एक सोबती पाठवा, म्हणजे कुणी पडणार नाही. यावर सगळे हसले, अगदी प्रेमाने हसले, नगरसेवकाने तर टेबलावर थाप मारली. त्या हसण्याने तिच्या कानशिलांत रक्त चढलं.

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या भावना आपण नोंदवून घेऊ."

"भावना नाहीत. हरकत आहे. हरकत असं लिहा."

"लिहितो, लिहितो."

आणि कोपऱ्यातून 'टक्' असा आवाज आला.

अहवाल तयार झाला तेव्हा तिने तो संगणकावर ऐकला. एका सदस्याने याविषयी भावना व्यक्त केल्या. समितीने त्यांची सहानुभूतिपूर्वक दखल घेतली. नियम करारातील तरतुदींशी सुसंगत आहे. तिने सही करायला नकार दिला. विधी अधिकारी बाईंना वाईट वाटलं, ते त्यांच्या आवाजात कळत होतं. पण सहीवाचून काही अडत नव्हतं. प्रत्येक बैठकीच्या हजेरीवर तिने सही केलेलीच होती, आणि अहवालाला हजेरी जोडायची असते. अहवाल मंत्रालयात गेला. मंत्रालयाने पोच दिली.

दादा म्हणाला, सोड आता, नदी-तळं काहीतरी शोधू. तिला नदी नको होती. तिने मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. तीही कुणाच्या मदतीवाचून, एक्स्चेंजवर फोनांच्या मधल्या फटींत, एकेक वाक्य करून. मग वाट बघणं आलं. तिचे खांदे आखडायला लागले, झोप तुटक झाली, आणि ज्या कामात तिचा हात कुणी धरू शकत नसे त्यात ती चिडचिड करायला लागली. धुलाईखान्यातल्या माणसाशी ती एका चादरीच्या चौकशीवरून इतकी तावातावाने बोलली, की तो दुसऱ्या दिवशी खाली येऊन विचारून गेला, बाई, बरं वाटत नाही का.

नगरपालिकेचं उत्तर आलं तो दिवस तिच्या कायम लक्षात राहिला. संगणक आपल्या सपाट आवाजात वाचत होता. सदर नियमाची तपासणी एका समितीने केली असून तो करारातील तरतुदींशी सुसंगत असल्याचे आढळले आहे. विशेष म्हणजे सदर समितीत एका अंध सदस्याचा सक्रिय सहभाग होता.

तिने ते थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. सक्रिय सहभाग. तिने घेतलेली प्रत्येक हरकत, चढलेला प्रत्येक जिना, नको म्हणताना हाताशी सरकवलेली बशी, हे सगळं त्या दोन शब्दांत घालून त्यांनी तिच्यावरच उलटवलं होतं. तिच्या तक्रारीविरुद्धचा पुरावा ती स्वतः होती. तेवढ्यात अधीक्षकांनी आरोग्य सचिवांचं कार्यालय मागितलं आणि तिने त्यांना थेट धुलाईखान्याला जोडून दिलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. अधीक्षक बराच वेळ आपण सचिवांशीच बोलतोय अशा समजुतीत होते, आणि पलीकडचा माणूस त्यांना गाद्यांचे अभ्रे कधी मिळतील ते सांगत होता. इस्पितळात यावर आठवडाभर हशा पिकला. ती मात्र त्या संध्याकाळी घरी येऊन अंधारात बसली, आणि दिवा लावला तरी तिला फरक पडणार नाही हे माहीत असूनही वहिनीने तो लावला नाही, नुसती शेजारी बसून राहिली. मग म्हणाली, "सुनावणीला मी येणार. मला त्यांना बघायचंय."

सुनावणी दुसऱ्या शहरात झाली. दादाने रजा काढली, तिघं गेले. आयोगाच्या सदस्य एक वयस्क बाई होत्या, खोकल्याने बेजार, आणि त्यामुळे असेल, वाक्यं अगदी छोटी बोलायच्या. त्यांनी नगरपालिकेच्या वकिलाला विचारलं की या तलावात आजवर किती अंध माणसांना अपघात झाला.

"एकालाही नाही, बाईसाहेब. नियमामुळेच."

"आणि नियमाच्या आधी?"

वकिलाने कागद चाळले. त्यांची सळसळ खूप वेळ चालली होती. "आधीही नाही," तो म्हणाला.

वहिनीने तिचा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

निकाल तिच्या बाजूने लागला. नियम कराराशी विसंगत आहे, असं आयोगाने स्वच्छ शब्दांत लिहिलं, आणि नगरपालिकेने तो बदलावा अशी शिफारस केली. परतीच्या बसमध्ये दादाने चालवणाऱ्याला ओळख देऊन तिला सगळ्यात पुढे बसवलं. ती वाटभर हसत होती. विसंगत, विसंगत, असं स्वतःशीच म्हणून बघत होती. शिफारस आणि आदेश यात फरक असतो हे तिला माहीत होतं, पण त्या दिवशी ते आठवायची तिची इच्छा नव्हती.

नगरपालिकेने नियम खरोखरच बदलला. विधी अधिकारी बाईंनी स्वतः एक्स्चेंजवर फोन करून अभिनंदन केलं. 'अंध' हा शब्द पूर्णपणे काढून टाकलाय, त्या म्हणाल्या, आता कुणाचाही अवमान होणार नाही. मग नवा नियम वाचून दाखवला. ज्या व्यक्तीस, व्यवस्थापकाच्या मते, साहाय्याची आवश्यकता आहे, अशा व्यक्तीस जबाबदार सोबत्याशिवाय प्रवेश दिला जाणार नाही.

तिने विचारलं, व्यवस्थापकाचं मत काय आहे ते ठरलंय का. त्या म्हणाल्या, ते त्यांनी परिस्थितीनुरूप ठरवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तलावावर गेली. व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता, तिच्या वडिलांना ओळखायचा. त्याने तिला आपल्या खोलीत बसवलं. "ताई, जुना नियम होता तेव्हा बरं होतं. मी दाखवायचो, बघा, असं लिहिलंय. आता माझं मत म्हणजे माझी नोकरी. उद्या तुमचा पाय घसरला, तर नगरपालिका विचारणार, कुणाच्या मताने सोडलं होतं?"

"आणि माझं मत?"

"ते नियमात नाही," तो म्हणाला. त्याला ते बोलताना लाज वाटत होती. पण त्याने तिला आत सोडलं नाही.

आता झालंय ते असं. व्यवस्थापकाची आठवड्याची सुट्टी असते त्या दिवशी त्याच्या जागी मुख्य जीवरक्षक असते, एक दणदणीत आवाजाची बाई. नियमाप्रमाणे त्या दिवशी मत तिचं. तिचं मत असं, की एक्स्चेंजपेक्षा आपल्याला त्या फोनवर बोलत चालणाऱ्यांची जास्त काळजी वाटते. त्यामुळे त्या एका सकाळी एक्स्चेंज पास सरकवते आणि आत जाते. बाकीच्या दिवशी जात नाही. दादाला कुणाला तरी सांगताना तिने ऐकलं, की आमच्या बहिणीने केस जिंकली, तर ती आतून म्हणाली, "जिंकली ना. आंतरराष्ट्रीय करार आपल्या गावात आठवड्यातून एकदा लागू होतो. व्यवस्थापकाच्या सुट्टीच्या दिवशी."

मधे मंत्रालयाला पुढचा अहवाल गेला. त्यात आयोगाच्या शिफारशीची अंमलबजावणी पूर्ण, असं होतं. विधी अधिकारी बाईंनी पुन्हा फोन केला होता, पाठपुरावा समितीवर याल का म्हणून. तिने एका अटीवर हो म्हटलं: हजेरीवर सही करताना ती दर वेळी तिथेच 'हरकतीसह' असं लिहिणार. बाई विचारून सांगते म्हणाल्या. अजून विचारताहेत.

दुसरी तक्रार तिने लिहायला घेतली आहे, या वेळी 'मते' या शब्दाविरुद्ध. दादाला ते पटत नाही. मिळतंय तेवढं घे, तो म्हणतो, या भानगडीत तुझे केस पिकले. ती म्हणते, मला काय दिसणार आहेत. वहिनी दोघांच्या मधे पडत नाही, पण तिने पांढऱ्या कापडाची एक नवी टॉवेलची पिशवी शिवून ठेवली आहे.

व्यवस्थापकाच्या मागच्या सुट्टीच्या सकाळी पाण्यात उतरल्यावर तिला बराच वेळ श्वास जमेना. वाक्यंच डोक्यात फिरत होती, तक्रारीतली. दोरीला दोनदा खांदा आपटला. मग ती रागारागाने हात मारत सुटली, आणि कधीतरी मधल्या फेरीत वाक्यं तुटली आणि नुसतं पाणी राहिलं. बाहेर आली तेव्हा जीवरक्षक बाईने टॉवेल हातात दिला आणि विचारलं, आज पाणी कसं होतं.

"पाण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही," ती म्हणाली, आणि केस निथळत कपडे बदलायला गेली. कामाची वेळ होत आली होती.